वाचकांचे प्रश्न : उत्तरेकडे वाहणारी लेना

गेल्या अंकात जगातील मोठ्या नद्यांचा नकाशा देताना सैबेरियातील लेना नदीच्या वाट्याला आम्ही चारच ओळी दिल्या होत्या. रशियाच्या याकूतियातून (साखा प्रजासत्ताकातून) उत्तरेकडे वाहणारी, सुमारे ४,३०० किलोमीटर लांबीची, लाप्टेव्ह समुद्राला मिळणारी आणि वर्षातील सात-आठ महिने गोठलेली नदी, एवढेच त्यात होते. त्या चार ओळींवर इतकी पत्रे आली की या अंकातील सगळी जागा आम्ही याच एका नदीला द्यायचे ठरवले. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

मी भूगोलाचा निवृत्त शिक्षक आहे. लेना नदी बैकल सरोवरातून उगम पावते असे मी मुलांना वर्षानुवर्षे सांगत आलो. आपल्या नकाशात मात्र उगम सरोवराबाहेर दाखवला आहे. बरोबर काय? (एक वाचक, नाशिक)

नकाशा बरोबर आहे. लेनाचा उगम बैकल पर्वतरांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,४७० मीटर उंचीवर, एका लहानशा तळ्याजवळ होतो. तेथून बैकल सरोवराचा काठ जेमतेम दहा-बारा किलोमीटरांवर आहे, त्यामुळे आपला समज होणे स्वाभाविक आहे. परंतु मध्ये डोंगराची धार आहे आणि त्या धारेने पाणी वाटून टाकले आहे. सरोवराचे पाणी अंगारा या एकाच नदीने बाहेर पडते आणि पुढे येनिसेई नदीतून उत्तर ध्रुव महासागराला मिळते. लेनाचे पाणी मात्र डोंगराच्या दुसऱ्या अंगाने उतरते आणि हजारो किलोमीटर वाहत जाऊन वेगळ्याच समुद्राला मिळते. आपण नाशिकचे आहात, म्हणून हे सहज पटेल : ब्रह्मगिरीवरून अरबी समुद्र सुमारे ऐंशी किलोमीटरांवर आहे, तरी गोदावरी त्याच्याकडे पाठ फिरवून दीड हजार किलोमीटर पूर्वेकडे चालत जाते. डोंगराचा उतार कोणत्या बाजूला आहे, एवढेच पाण्याला कळते.

याकुत्स्क शहरात वर्षाला २४० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस व बर्फ पडतो असे वाचले. आमच्या माणदेशात याहून जास्त पाऊस होतो, तरी माणगंगेचे पात्र वर्षातील बराच काळ कोरडे असते. मग तेथे एवढी मोठी नदी कशी वाहते? (एक शेतकरी, दहिवडी, जि. सातारा)

या महिन्यात आलेल्या सर्व पत्रांत हा प्रश्न आम्हाला सर्वांत मोलाचा वाटला, कारण पाऊस किती पडला यापेक्षा पडलेल्या पाण्याचे पुढे काय होते हे महत्त्वाचे असते, ही गोष्ट कोरडवाहू शेतकऱ्याइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.

पहिले कारण अर्थातच पाणलोटाचा आकार. लेनाचे पाणलोट क्षेत्र सुमारे २४ लाख ९० हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे महाराष्ट्राच्या आठपट आणि भारताच्या सुमारे तीन चतुर्थांश. याकुत्स्क हा त्यातील कोरडा भाग झाला. दक्षिणेकडील डोंगराळ भागात पाऊस आणि बर्फ पुष्कळ अधिक पडतात, आणि व्हितिम, ओल्योक्मा व अल्दान या मोठ्या उपनद्या तेथूनच पाणी घेऊन येतात. पश्चिमेकडून विल्यूई येऊन मिळते.

दुसरे कारण अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. या खोऱ्याच्या बहुतेक भागात जमीन खालपर्यंत कायम गोठलेली आहे. तिला शास्त्रज्ञ पर्माफ्रॉस्ट म्हणतात. उन्हाळ्यात वरचा हात-दोन हात, कोठे त्याहून थोडा अधिक थर वितळतो, पण त्याखालची जमीन दगडासारखी घट्ट राहते. आपल्याकडे पावसाचे पाणी मुरते, विहिरींना मिळते, बोअरवेलने वर येते आणि उरलेले उन्हात उडून जाते. तेथे मुरायला वावच नाही आणि उडायला उष्णता फार थोडे दिवस मिळते. शिवाय ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत जे पडते ते बर्फाच्या रूपाने जागच्या जागी साठून राहते आणि वसंतात सगळे एकदम सुटते. या तिन्ही गोष्टींमुळे थोड्या पावसातील मोठा वाटा नदीपर्यंत पोहोचतो.

ही गोठलेली जमीन किती खोल आहे याचा पहिला अंदाज एका विहिरीमुळे आला, हे आपल्याला नक्कीच आवडेल. याकुत्स्कमध्ये एका व्यापारी कंपनीच्या शेर्गिन नावाच्या कारभाऱ्याने १८२८ मध्ये पाण्यासाठी विहीर खणायला घेतली. वर्षांमागून वर्षे खोदकाम चालू राहिले आणि १८३७ पर्यंत ती ११६ मीटर खोल गेली, तरी तळाला गोठलेली मातीच होती. पाण्याचा थेंबही लागला नाही. पुढे १८४४ मध्ये मिडेनडॉर्फ या संशोधकाने त्याच विहिरीत उतरून निरनिराळ्या खोलींवर तापमान मोजले आणि गोठलेल्या जमिनीच्या शास्त्रीय अभ्यासाला तेथून पाया मिळाला. विल्यूई नदीच्या वरच्या खोऱ्यात तर हा थर सुमारे दीड किलोमीटर खोल असल्याचे आढळले आहे.

मात्र जमीन पाणी मुरू देत नाही याचीच दुसरी बाजू अशी, की हिवाळ्यात नदीला जिवंत ठेवायला झरेही फारसे उरत नाहीत. त्रिभुज प्रदेशाच्या अलीकडे क्यूस्यूर या गावी १९३० च्या दशकापासून नदीचा प्रवाह मोजला जातो. वर्षाची सरासरी सेकंदाला सुमारे १७ हजार घनमीटर येते, पण ही सरासरी प्रत्यक्षात क्वचितच दिसते. हिवाळ्याच्या अखेरीस बर्फाखालून सेकंदाला एक-दोन हजार घनमीटर पाणी सरकत असते आणि जूनमध्ये तोच आकडा सरासरीने सत्तर हजारांच्या घरात जातो. आपल्या परिचयाच्या मापात सांगायचे तर ते जवळजवळ २५ लाख क्युसेक झाले. २०१९ च्या महापुरात अलमट्टी धरणातून सोडलेला विसर्ग पाच लाख क्युसेकच्या वर गेला होता, यावरून कल्पना यावी. वर्षभराच्या पाण्यापैकी एक तृतीयांशाहून अधिक पाणी एकट्या जूनमध्ये समुद्राला मिळते. मुख्य लेनावर आजही एकही धरण नाही. विल्यूईवर १९६७ पासून वीजनिर्मिती करणारे धरण आहे आणि त्यामुळे खालच्या भागात हिवाळ्याचे पाणी पूर्वीपेक्षा काहीसे वाढले आहे.

पाऊस नसताना मे महिन्यात लेनाला महापूर येतो, हे कसे? आम्ही २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलेले पाहिले आहे, त्यामुळे पुराबद्दल वाचले की मन थांबतेच. (एक गृहिणी, सांगली)

आपल्या पत्रातील शेवटचे वाक्य वाचून आम्हीही क्षणभर थांबलो. आपल्या प्रश्नाचे उत्तर नदी कोणत्या दिशेला वाहते यात आहे.

लेना दक्षिणेकडून उत्तरेकडे, म्हणजे उबेकडून थंडीकडे वाहते. वरच्या, दक्षिणेकडील भागात एप्रिलअखेर किंवा मेच्या आरंभी बर्फ फुटू लागतो. याकुत्स्कजवळ हेच मेच्या मध्यानंतर घडते आणि समुद्रापाशी जून उजाडतो. वरून वितळलेल्या बर्फाचे पाणी जोराने खाली निघते तेव्हा खालचे पात्र अजून दीड-दोन मीटर जाडीच्या बर्फाने बंद असते. फुटलेल्या बर्फाचे प्रचंड तुकडे प्रवाहाबरोबर वाहत येतात आणि जेथे वळण आहे, पात्र अरुंद आहे, बेटे आहेत किंवा पाणी उथळ आहे तेथे एकमेकांवर चढून अडकतात. हा बर्फाचा बंधारा तयार झाला की त्याच्यामागे पाण्याला फुगवटा येतो. ‘फुगवटा’ हा शब्द सांगलीकरांना समजावून सांगण्याची गरज नाही. पाणी तासातासाला चढते, कारण बंधारा अनियमित असतो, त्याला दरवाजे नसतात आणि तो कधी फुटेल हे कोणाला नेमके सांगता येत नाही. फुटला की साठलेले पाणी आणि बर्फ मिळून खालच्या वस्तीवर जातात.

मे २००१ मध्ये लेन्स्क या काठावरच्या शहराचे असेच झाले. त्या वर्षीचा हिवाळा कडक होता, बर्फ नेहमीपेक्षा जाड होता आणि वसंतात ऊब लवकर व एकदम आली. शहराखाली बर्फ तुंबला, पाण्याने स्थानिक मोजपट्टीवर २० मीटरची खूण ओलांडली आणि जवळजवळ सगळे शहर पाण्याखाली गेले. (आयर्विन पुलाच्या ५७ फुटांशी याची थेट तुलना करता येणार नाही, कारण प्रत्येक ठिकाणच्या मोजपट्टीचा शून्य वेगळा असतो.) बर्फ फोडण्यासाठी लढाऊ विमानांतून बॉम्ब टाकावे लागले. लाकडी घरे पाण्याने उचलली आणि बर्फाच्या तुकड्यांनी त्यांच्या भिंती फोडल्या. नुसत्या पाण्याच्या पुरात आणि बर्फाच्या पुरात हाच मोठा फरक आहे. त्यानंतर शहर त्याच जागी पुन्हा बांधण्यात आले आणि त्याला संरक्षक बांध घालण्यात आला.

आता दर वर्षी मार्च-एप्रिलमध्ये धोक्याच्या जागी दोन कामे केली जातात. यंत्रांनी बर्फात लांबच लांब चिरा पाडल्या जातात आणि बर्फाच्या पृष्ठभागावर कोळशाच्या राखेसारखा काळा पदार्थ पसरला जातो, म्हणजे काळा रंग ऊन शोषून घेतो आणि तेथील बर्फ आधीच कमकुवत होतो. उपाय साधे आहेत, पण अनुभवातून आलेले आहेत. तरीही प्रत्येक वर्षी पूर टळेल असे नाही.

एवढे सांगून आणखी एक गोष्ट सांगायला हवी. याच पुराने काठच्या कुरणांना ओल आणि गाळ मिळतो, कडेची तळी भरतात आणि साखा लोकांच्या गाई-घोड्यांसाठी लागणारे गवत त्या कुरणांतून येते. म्हणून तेथील म्हातारी माणसे वसंतातील बर्फ फुटण्याच्या दिवसाची वाट धास्तीनेही पाहतात आणि आनंदानेही.

याकुत्स्कजवळ लेनावर पूल नाही हे खरे आहे का? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, पुणे)

होय. पुलाचे काम हाती घेतलेले आहे, पण आजवरची पिढ्यान् पिढ्यांची वहिवाट म्हणजे उन्हाळ्यात तराफा-बोट आणि हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरून मोटारींचा रस्ता. बर्फ धरताना आणि सुटताना मधले काही आठवडे दोन्ही बंद असतात. रेल्वे समोरच्या काठावरील निझ्नी बेस्त्याख येथे येऊन थांबते. वरच्या भागात उस्त-कूत येथे रेल्वेचा पूल आहे. तेथून खाली समुद्रापर्यंतच्या तीन हजारांहून अधिक किलोमीटरांत दुसरा पूल नाही. बर्फाचा दाब आणि खांबांखालची गोठलेली जमीन, ही दोन्ही आव्हाने आपल्या अभ्यासासाठी उत्तम विषय ठरतील.

एवढ्या थंडीत नदीत मासे जगतात कसे? (एक वाचक, मालवण)

बर्फ पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे वर तरंगतो आणि खालच्या पाण्यावर पांघरुणासारखा राहतो. बाहेर उणे पन्नास अंश असले तरी बर्फाखालचे पाणी शून्याच्या आसपास असते. खोल डोहांत मासे हिवाळा काढतात.

लेनातील व्हाइटफिश कुळातील मासे, म्हणजे मुकसून, ओमूल, नेल्मा इत्यादी, आपल्या पाला माशासारखे अर्धे आयुष्य समुद्राच्या तोंडाशी आणि अर्धे नदीत काढतात. त्रिभुज प्रदेशातील उथळ, किंचित खाऱ्या पाण्यात ते पोसतात, पुढे नदीतून शेकडो किलोमीटर वर चढतात आणि पाणी गोठण्याच्या सुमारास रेताड-खडकाळ तळावर अंडी घालतात. अंडी सबंध हिवाळा बर्फाखाली राहतात. पिले वसंतात बाहेर येतात आणि पुराच्या पाण्याबरोबर आयतीच खाली पोहोचतात. वर ज्या पुराबद्दल लिहिले, त्याच्याशी या माशांची वेळ अशी जुळलेली आहे. सैबेरियन स्टर्जन हा मोठा मासाही येथे आहे, परंतु तो फार सावकाश वाढतो, उशिरा वयात येतो, आणि त्यामुळे बेसुमार मासेमारी झाली की त्याची संख्या लवकर सावरत नाही.

ठाण्याच्या खाडीत येणारे फ्लेमिंगो लेनाच्या काठावरून येतात का? आणि भरतपूरचे सैबेरियन क्रौंच? (एक पक्षीप्रेमी, ऐरोली)

दोन्ही समज फार पसरलेले आहेत आणि दोन्ही चुकीचे आहेत. ठाण्याच्या खाडीतील रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मुख्यतः गुजरातेतून, कच्छच्या रणाच्या बाजूने येतात. सैबेरियाच्या टुंड्रात फ्लेमिंगो घरटी करीत नाहीत. भरतपूरला येणारे सैबेरियन क्रौंच पश्चिम सैबेरियातील ओब नदीच्या खोऱ्यातून येत असत. २००२ नंतर ते भरतपूरला दिसलेले नाहीत. या जातीचे आज जगात उरलेले जवळजवळ सगळे पक्षी लेनाच्या पूर्वेकडील याकूतियाच्या टुंड्रात, विशेषतः इंदिगिर्का नदीच्या परिसरात, घरटी करतात आणि अल्दानचे खोरे ओलांडून हिवाळ्यासाठी चीनमधील पोयांग सरोवरावर जातात. भारताकडे त्यांची वाट येत नाही.

मग आपल्या खाडीचा आणि त्या टुंड्राचा काहीच संबंध नाही का? आहे, आणि तो फ्लेमिंगोपेक्षा कितीतरी लहान पक्ष्यांमुळे आहे. ओहोटीला चिखलावर हजारोंनी पळणारे करडे-तपकिरी पक्षी आपण पाहिले असतील. त्यांत बाकदार चोचीचा कर्ल्यू सँडपायपर असतो आणि सोनेरी चिखल्याही असतो. या दोन्ही जाती लेनाचा त्रिभुज प्रदेश ज्या पट्ट्यात येतो त्या सैबेरियन टुंड्रात जून-जुलैमध्ये घरटी करतात. आपल्या खाडीतील अमुक पक्षी अमुक बेटावर जन्मला असे पायात कडे असल्याशिवाय सांगता येत नाही, पण कुळाचे माहेर तेच आहे.

या पक्ष्यांचे नशीब लेमिंग या उंदरासारख्या प्राण्याशी बांधलेले आहे. लेमिंगची संख्या साधारण तीन-चार वर्षांच्या फेऱ्याने वाढते आणि कोसळते. लेमिंग पुष्कळ असतात तेव्हा ध्रुवीय कोल्हे आणि हिमघुबडे त्यांच्यावरच पोट भरतात आणि पक्ष्यांची अंडी वाचतात; लेमिंग कोसळले की कोल्हे घरट्यांकडे वळतात. त्यामुळे दूरच्या समुद्रकिनाऱ्यांवर हिवाळ्यात येणाऱ्या कर्ल्यू सँडपायपरच्या थव्यांत तरुण पक्षी एखाद्या वर्षी भरपूर दिसतात आणि एखाद्या वर्षी जवळजवळ दिसतच नाहीत. आपण नियमित नोंदी ठेवत असाल तर तरुण आणि प्रौढ पक्षी वेगळे मोजून पाहावेत, असे आम्ही आवर्जून सुचवतो. ऐरोलीच्या चिखलावर उभे राहून टुंड्रातील उन्हाळा कसा गेला हे त्यातून वाचता येते.

त्रिभुज प्रदेशात १९८५ पासून उस्त-लेन्स्की हे राखीव निसर्गक्षेत्र आहे. बेविक हंस, निरनिराळी ईडर बदके आणि गुलाबी छटेचा, फार थोड्यांच्या नशिबी दिसणारा रॉसचा कुरव ही तेथील काही पाखरे. रानटी रेनडियरचे कळप उन्हाळ्यात तेथे येतात आणि दक्षिणेकडील खराउलाख डोंगरांत हिममेंढे राहतात.

नकाशावर लेनाचे तोंड एखाद्या पंख्यासारखे दिसते. तेथे मॅमथ सापडला होता का? (इयत्ता नववीची विद्यार्थिनी, गडहिंग्लज)

हो, आणि त्याची हकिगत छान आहे. स्तोल्ब नावाच्या खडकाळ बेटापाशी नदी फुटू लागते आणि पुढे शेकडो फाट्यांचा, सुमारे ३० हजार चौरस किलोमीटरांचा त्रिभुज प्रदेश पसरतो. हा जगातील मोठ्या त्रिभुज प्रदेशांपैकी एक आहे. त्याच्या पूर्व कडेला बिकोव्स्की नावाचे भूशीर आहे. तेथे १७९९ मध्ये शुमाखोव नावाच्या एव्हेंक शिकाऱ्याला गोठलेल्या कड्यातून काहीतरी मोठे डोकावताना दिसले. दर उन्हाळ्यात कडा थोडा थोडा वितळत गेला आणि काही वर्षांनी आख्खा मॅमथ मोकळा झाला. १८०६ मध्ये अॅडम्स हे शास्त्रज्ञ तेथे पोहोचले तेव्हा मांसाचा बराच भाग जनावरांनी खाल्लेला होता, पण सांगाडा, कातडी आणि केस त्यांनी गोळा केले. तो सांगाडा आज सेंट पीटर्सबर्गच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात उभा आहे.

त्या कड्यांत मातीइतकाच किंवा तिच्याहूनही अधिक बर्फ असतो आणि हिमयुगातील गवताची मुळे, हाडे त्यात जशीच्या तशी टिकून असतात. बर्फ वितळला की जमीन खचते, काठ नदीत कोसळतात आणि हजारो वर्षे गोठून राहिलेले हे सेंद्रिय द्रव्य कुजू लागून त्यातून कार्बन डायऑक्साइड व मिथेन बाहेर पडतात. समोय्लोव्ह बेटावरच्या संशोधन केंद्रात रशियन आणि जर्मन शास्त्रज्ञ १९९८ पासून अनेक वर्षे हेच मोजत आले. तू थोडी मोठी झालीस की या विषयावर तुला पुष्कळ वाचायला मिळेल.

लेनाचे पाणी समुद्राला मिळाल्यावर पुढे कोठे जाते? (एक वाचक, म्हापसा)

जूनच्या आरंभी ते प्रथम न वितळलेल्या समुद्राच्या बर्फावरूनच पसरते, नंतर त्याच्याखाली शिरते. हे गोडे पाणी हलके असल्यामुळे वरच्या थरात राहते आणि समुद्र पुन्हा गोठायला त्याने मदत होते. लाप्टेव्ह समुद्रात तयार झालेला बर्फ मग ध्रुवाच्या बाजूने ग्रीनलंडकडे सरकत जातो. याचा पुरावा एका दुःखद मोहिमेने दिला. ‘जॅनेट’ हे अमेरिकन जहाज १८८१ मध्ये नवसैबेरियन बेटांच्या उत्तरेस बर्फात चिरडले गेले. त्याचे कप्तान डी लाँग होडीने लेनाच्या तोंडापर्यंत पोहोचले, पण ते आणि त्यांच्या होडीतील बहुतेक सोबती तेथील निर्जन फाट्यांत भुकेने व थंडीने मरण पावले. तीन वर्षांनी, १८८४ मध्ये, त्याच जहाजाच्या वस्तू ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर लागल्या. त्या बातमीवरून नॉर्वेचे संशोधक नान्सेन यांनी १८९३ मध्ये ‘फ्राम’ हे जहाज मुद्दाम बर्फात अडकू दिले आणि १८९६ मध्ये ते दुसऱ्या बाजूने सुखरूप बाहेर आले. सैबेरियातील नद्यांच्या काठचे, पुराने उपटलेले लार्च वृक्षही याच वाटेने जातात, आणि झाडे न वाढणाऱ्या ग्रीनलंडच्या किनाऱ्यांवर लोकांनी शतकानुशतके त्या ओंडक्यांपासून घरांचे वासे आणि होड्यांचे सांगाडे केले.